पिल्लाचं कवच घडतं कसं, बिघडतं कसं



आजचा विषय कासव. विहिरीतलं नाही, जमिनीवरचं, घरात पाळलेलं कासव. आणि त्यातही पिल्लू लहान असताना त्याची पाठ नीट कशी वाढेल, एवढाच भाग. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाने कासवावर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. मी बोलतोय कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक आमच्या अंगणात रोज माझ्या डोळ्यांसमोर फिरत असते.

मी महूला राहतो, इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. सिग्नल्समधली नोकरी संपली आणि इथेच घर केलं. मुलगा बंगळुरूला. त्याने २०२१च्या फेब्रुवारीत आपल्या मुलीसाठी कासवाचं पिल्लू आणलं. मग घर बदलायचं निघालं, नव्या घरमालकाची कुरकुर सुरू झाली, आणि "बाबा, दोन महिने ठेवा" म्हणून ते पिल्लू आमच्याकडे आलं. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. तुमच्यापैकी जे आजी-आजोबा आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

पिल्लू आलं तेव्हा ६२ ग्रॅमचं होतं. मुठीत मावायचं. नातीने नाव ठेवलं मोदक. नर की मादी हे अजूनही कळलेलं नाही, या जातीत ते बरंच मोठं झाल्यावर कळतं. पण आम्ही 'तो' म्हणतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेतो, कारण ते टाळून या विषयावर बोलणं बरोबर नाही. मोदक हे आफ्रिकेतलं सुलकाटा जातीचं कासव आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला साहेल नावाचा रुक्ष पट्टा आहे, तिथलं. आपल्याकडचं स्टार कासव, ज्याच्या काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात, ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. "वास्तूसाठी चांगलं असतं", "शेतात सापडलं", "पैसे कुठे दिलेत, भेट मिळालंय" यातलं काहीही चालत नाही. आपल्या देशातलं कोणतंही रानटी कासव पाळू नका, मग ते तळ्यातलं असो की माळावरचं. घरात आधीच असेल तर वनखात्याला कळवा. आणि कृपा करून देवळाच्या तळ्यात सोडू नका. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, ते बुडून मरतं. आपल्या भाषेत दोघांनाही कासवच म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा फार होतो.

सुलकाटासारख्या परदेशी जातींसाठी २०२४ साली नियम आले. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिलं, मेलं, तरी कळवावं लागतं. दुकानदार म्हणतो, "परदेशी आहे साहेब, कागद लागत नाही." लागतो.

आता पाठीकडे येऊ.

कवच ही कासवाने पांघरलेली पेटी नव्हे. कार्टूनमध्ये कासव कवच काढून पळतं, ते साफ खोटं. कवच म्हणजे त्याचं हाड आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्या हाडातच मिसळून गेलेल्या असतात. कवचावर बोट टेकवलं तर ते त्याला कळतं. या हाडावर केराटिनचं आच्छादन असतं. केराटिन म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच द्रव्य. हे आच्छादन एकसंध नसतं, फरश्या बसवाव्यात तसे तुकडे असतात. पाठीवर मधोमध पाच, दोन्ही बाजूंना चार-चार, अशा तेरा मोठ्या फरश्या, आणि कडेने लहान-लहान तुकड्यांची माळ.

कासव वाढतं तेव्हा या फरश्या मोठ्या होतात, पण मधून नाही, कडेने. दोन फरश्यांच्या मधल्या सांध्यात नवा, फिकट, कोवळा थर येतो. तो पसरला की एक वळी तयार होते. मग पुढची. म्हणून फरशीच्या मधोमध जो खडबडीत ठिपका दिसतो, तो कासवाच्या जन्माच्या वेळचा तुकडा असतो. बाकी सगळं नंतरचं. (वळ्या मोजून वय सांगणारे भेटतात. तो हिशेब विश्वासाचा नाही. चांगलं खाल्लं तर एका वर्षात अनेक वळ्या पडतात.)

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. त्याची पाठ डोळ्यांसमोर आणा. एकच गोलसर घुमट, हात फिरवला तर कुठे अडत नाही. सुलकाटाची निरोगी पाठ साधारण तशी असायला हवी. बिघडते तेव्हा प्रत्येक फरशी स्वतंत्रपणे वर चढते आणि पाठीवर छोट्या छोट्या टेकड्या उभ्या राहतात. याला पिरॅमिडिंग म्हणतात. यात एक अपवाद ध्यानात ठेवा. स्टार कासवासारख्या काही जातींत रानातसुद्धा पाठ थोडी उंचसखल असते. सुलकाटात तसं नाही. त्याच्या पाठीवर टेकड्या आल्या तर पाळणाऱ्याचं काहीतरी चुकलंय.

आमचं काय चुकलं ते सांगतो.

दुकानदाराने मुलाला सांगितलं होतं: काचेची टाकी, खाली वाळू, वर उष्णतेचा दिवा, पाण्यात आठवड्यातून एकदा. "वाळवंटातला प्राणी आहे, ओला केलात तर सर्दी होऊन मरेल." हे मला एकदम पटलं. मी जैसलमेरच्या बाजूला दोन वेळा राहिलो आहे. वाळवंट म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. आणि सूचना मिळाली की ती काटेकोर पाळायची, ही सवय. मी वही घातली. सकाळ-संध्याकाळ तापमान, आठवड्याचं वजन, सगळं लिहिलं. हवेतला ओलावा मात्र एकदाही मोजला नाही.

आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं पहिल्या आठवड्यापासून वेगळं होतं. "अहो, तान्ह्या बाळाला रोज न्हाऊ घालतात. याला आठवड्यातून एकदाच का?" मी म्हटलं, "अगं, तो वाळवंटातला आहे." त्या म्हणाल्या, "तो वाळवंटातला असेल, पण पिल्लू आहे ना?" मी विषय संपवला. अधिकारी माणूस विषय कसा संपवतो हे तुम्हाला माहीत आहे.

दिवाळीला नात आली. टाकीपाशी बसली आणि म्हणाली, "आबा, हा आता खरंच मोदक झालाय." मी चष्मा लावून पाहिलं. पाठीवरच्या मधल्या पाचही फरश्या टोकदार वर आल्या होत्या. ताटात मोदक मांडावेत तशा. मी त्याला रोज पाहत होतो, म्हणूनच मला दिसलं नव्हतं.

इंदूरला एक पशुवैद्य आहेत, पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघतात. घरचे मराठी. त्यांनी मोदकला हातात घेतलं, पाठ दाबली, पोट दाबलं, तोंड उघडून पाहिलं. मी कॅल्शियमच्या गोळ्यांची चौकशी करू लागलो. ते म्हणाले, "साहेब, कवच घट्ट आहे. कॅल्शियमचं नंतर बघू. पाण्यात किती वेळा ठेवता?"

"आठवड्यातून एकदा."

"का?"

"वाळवंटातला प्राणी आहे म्हणून."

ते हसले. "वाळवंटातल्या बिळात कधी उतरून पाहिलंयत?"

आणि मला आठवलं. जूनमध्ये आम्ही तिकडे मोर्चे खणायचो. वरची वाळू अशी की बुटातून चटका लागावा. पण हात-दोन हात खाली गेलं की वाळूचा रंग बदलायचा, मुठीत धरली तर क्षणभर गोळा टिकायचा. खणलेल्या भोकात बसलं तर वरच्यापेक्षा किती बरं वाटायचं! तिथला सांडा, ती काटेरी शेपटीची घोरपडीसारखी पाल, स्वतःच्या बिळाचं तोंड मातीने आतून बंद करून बसते. उगाच नाही. मी वाळवंट वरून पाहिलं होतं. सुलकाटाचं आयुष्य खाली चालतं. कित्येक फूट लांब बिळं खणतात ती कासवं, आणि पिल्लं दिवसाचा बराच वेळ बिळात किंवा गवताच्या बुंध्याशी ओलाव्यात काढतात. आपण त्यांना वाळवंटाच्या छतावर ठेवतो, आणि वर दिवा लावतो.

घरी येऊन आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र आणलं. टाकीत ठेवलं. २४ टक्के. नऊ महिने, त्यातले चार पावसाळ्याचे. बाहेर धो-धो पाऊस आणि दिव्याखाली राजस्थान.

उंचवटे नेमके का येतात, यावर पूर्वी एकच उत्तर होतं: प्रथिनं जास्त झाली, वाढ फार वेगाने झाली. त्या भीतीने लोक पिल्लांना अर्धपोटी ठेवत. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांचा सुलकाटाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळी आर्द्रता आणि वेगवेगळी प्रथिनं देऊन त्यांनी पाठी मोजल्या. कोरड्या हवेतल्या पिल्लांना उंचवटे जास्त आले. प्रथिनांचा फरक त्यामानाने किरकोळ ठरला. सांध्यातला कोवळा थर कोरड्या हवेत लवकर वाळून ताठ होतो, आणि पुढची वाढ आडवी पसरण्याऐवजी वर ढकलली जाते, असं आता समजतात. पापड उन्हात टाकला की कडा आधी वाळतात आणि वर वळतात ना, मला तर तेच आठवतं.

थोडे उंचवटे असले तरी कासव आनंदाने जगतं. फार वाढले तर खालचं हाडही वेडंवाकडं होत जातं. पण मला डॉक्टरांनी दुसरीच भीती घातली, आणि ती खरी आहे. पाठ कोरडी पडलेली दिसते, तेव्हा आतही पाणी कमी पडत असतं. जमिनीवरचं कासव पाणी वाचवण्यासाठी लघवीतला मोठा भाग घट्ट पांढऱ्या रूपात टाकतं. पाणी कमीच मिळालं तर त्याचे मूत्राशयात खडे होतात. पाठ दिसते म्हणून आपण घाबरतो. खडा दिसत नाही.

मग बदल केले. सुताराकडून प्लायवूडची चार फूट बाय दोन फुटांची पेटी करून घेतली, वर झाकण, पुढे सरकती काच. आतून पाणी न शोषणारा रंग, आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत पंधरा दिवस थांबलो. वाळू फेकली. नर्सरीत कोकोपीटची वीट मिळते, ती भिजवून चार इंचांचा थर घातला. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतका ओला. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यांतून ओततो. त्याने खालचा थर ओला राहतो आणि वरचा जवळपास कोरडा. वरचा थर सतत चिकचिकीत राहिला तर पोटाकडचं कवच कुजू लागतं, पांढरट-मऊ डाग पडतात, वास येतो. लपायला एक फुटका माठ आडवा ठेवला, कडा घासून गुळगुळीत केल्या. माठाला बाहेरून पाणी लावलं की आत बिळासारखी हवा. मोदक पहिल्याच रात्री आत जाऊन झोपला. नऊ महिने तो टाकीच्या काचेला पाय घासत असायचा. मी त्याला व्यायाम समजत होतो.

आर्द्रता आता ७५ ते ८० टक्के. दिव्याखालची जागा ३५ ते ३७ अंश, दुसरं टोक २८च्या आसपास, आणि रात्रीही २६च्या खाली नाही. इथे नीट ऐका, कारण दुकानदाराच्या बोलण्यात अर्धं खरं होतं. ओलं आणि गार, हे पिल्लाला खरोखर मारतं. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून धरणं, ही छातीच्या विकाराची लक्षणं. त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा. ओलं आणि उबदार, हे पिल्लाचं घर. म्हणून ओलावा वाढवायच्या आधी उष्णतेची सोय पक्की हवी. आमच्याकडे जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लावलाय, तो थर्मोस्टॅटवर चालतो, आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर. सिग्नल्सवाल्याच्या घरी एवढं तरी हवंच.

अंघोळीचं खातं सौभाग्यवतींकडे गेलं. रोज सकाळी पसरट टबात कोमट पाणी, कोपर बुडवून पाहिलेलं, हनुवटीच्या खाली राहील एवढंच. वीस ते तीस मिनिटं. पिल्लू पाणी पितं, आणि बहुतेक वेळा सगळं पोट साफही तिथेच करतं, म्हणून टब वेगळा ठेवा. स्वयंपाकघराचं बेसिन वापरू नका. कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांनी हात लावला की साबणाने हात धुवायचे, यात सवलत नाही. पाण्यात जो पांढरा भाग पडतो, तो दह्यासारखा पातळ असेल तर ठीक. रवाळ, वाळूसारखा लागला तर पाणी कमी पडतंय.

पहिली दोन वर्षं रोज अंघोळ. ज्या दिवशी त्या विचारतात, "मी काय म्हणत होते?", त्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचत असतो.

आता एक गोंधळ दूर करतो. उंचवटे हा एक आजार आणि मऊ कवच हा दुसरा. लोक दोन्हींवर एकच कॅल्शियमची पूड शिंपडतात. अगदी नवजात पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं, ते चालतं. पण काही महिन्यांचं पिल्लू आणि पाठ दाबली तर दबते, जबडा रबरासारखा लागतो, मागचे पाय ओढत चालतं, तर ते हाडांचं दुखणं आहे. तिथे कॅल्शियम कमी आहे किंवा ऊन कमी आहे. बहुधा ऊन. कॅल्शियम शरीरात शोषायला ड जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तयार होतं, आणि साध्या खिडकीच्या काचेतून ते किरण येत नाहीत. काचेमागे दिवसभर उन्हात ठेवलेलं कासव फक्त तापतं. उष्णतेचा दिवा आणि यूव्हीबी दिवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही अनेकांना माहीत नसतं. घरात ठेवणार असाल तर यूव्हीबीची लांब नळी लावा, आणि उजेड पडत असला तरी वर्षाच्या आत बदला. उजेड टिकतो, किरण आधी संपतात.

त्याहून चांगलं म्हणजे खरं ऊन. आपण भारतात राहतो, ते फुकट आहे. सकाळचं कोवळं ऊन, अर्धी जागा सावलीत, वर जाळी, आणि आपण शेजारी. कावळे आणि मुंगूस पिल्लाला सोडत नाहीत. प्लॅस्टिकच्या टबात घालून उन्हात ठेवू नका; पाच-दहा मिनिटांत भाजून मरेल.

खाण्याबद्दल. सुलकाटा म्हणजे छोटी गाय, एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं. गवत. आपली हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, उत्तम. पिल्लाला बारीक कापून द्या. जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, काटे काढलेली नागफणी, हे आमच्याकडे रोजचं. शेवग्याचा पाला कॅल्शियमसाठी चांगला, पण थोडा. पालक, राजगिरा, घोळ यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. अधूनमधून चालेल, रोज नाही. काकडी, सॅलडची पानं म्हणजे नुसतं पाणी. फळं नकोत, कलिंगड तर नकोच. पोळी, भात, डाळ, पनीर, कुत्र्याचं खाणं, यांतलं काहीही नको. "आमचा तर बिस्कीट खातो" असं कौतुकाने सांगणारे मला भेटलेत. दारू दिली तर काहीजण तीही पितील, म्हणून द्यायची का?

गवत कुठून आणता तेही पाहा. औषध मारलेल्या हिरवळीचं नको. गाजरगवत, घाणेरी आणि कण्हेर विषारी. अंगणात असेल तर उपटा. आणि कॅल्शियमसाठी महागड्या डब्या घेण्याआधी काष्टौषधींच्या दुकानात जा. समुद्रफेस मागा. माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. पेटीत टाकून ठेवा. हवं तेव्हा कासव स्वतः कुरतडतं.

हा भाग ऐकणारे तुम्ही वेगवेगळ्या राज्यांत आहात, म्हणून हवेबद्दल दोन शब्द. मुंबई, चेन्नई, कोलकाता इथे बाहेरची हवा पुरेशी दमट असते, पण एसी लावलेली खोली कोरडी पडते. पिल्लू तिथे ठेवू नका. दिल्ली, जयपूर, नागपूर, इंदूर, हैदराबाद इथे होळीनंतर पावसापर्यंत उघड्या टाकीत ओलावा टिकणंच शक्य नाही. बंद पेटी हवी. बंगळुरू आणि बेळगाव यांची अडचण उलटी. दिवसा छान, रात्री गार आणि दमट. तिथे हीटर आधी, कोकोपीट नंतर. वडोदऱ्याच्या एका गृहस्थांनी मला विचारलं की उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवलं तर? हवा ओली होते खरी, पण थेट झोत अंगावर येता कामा नये, आणि पेटीतलं तापमान मोजून पाहा. कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. यंत्र तीन-चारशे रुपयांना मिळतं.

कवचाला खोबरेल तेल लावू नका. चकाकतं, फोटो छान येतो, पण तेलावर धूळ आणि बुरशी धरते, आणि ओलावा त्याने आत जात नाही. रंगाचे ठिपके, नखपॉलिश, हेही नको. गुळगुळीत संगमरवरी फरशीवर मोकळं फिरवू नका. पिल्लाचे पाय फाकतात.

मोदकचं काय झालं? पेटी बदलल्यावर सहा-सात महिन्यांनी सांध्यांतून नवी वळी आली, ती सपाट होती. त्यानंतरच्याही सपाट. पण जुन्या टेकड्या तशाच आहेत आणि त्या जाणार नाहीत. हाडात उमटलेलं पुसता येत नाही. आता तो चार वर्षांचा आहे, ३० सेंटिमीटर लांब, अंगणात मातीचं घर आहे, आणि पाठीवर सपाट कडांच्या मधोमध ते पाच जुने मोदक. येणारे-जाणारे म्हणतात, काय छान नक्षी आहे! मी दुरुस्त करतो. सौभाग्यवती म्हणतात, जाऊ द्या हो, कशाला प्रत्येकाला सांगता?

तुम्ही नवीन आणायच्या विचारात असाल तर माझं स्पष्ट मत: आणू नका. हे पिल्लू मुठीत मावतं म्हणून विकलं जातं. पूर्ण वाढलेला नर ४५ किलोच्याही पुढे जातो, भिंतीखाली खणतो, दार ढकलतो, आणि पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. फ्लॅटमध्ये हे जमत नाही. जमत नाही म्हणून रानात सोडणं हाही मार्ग नाही. परदेशी प्राणी आहे, त्याच्यासोबत त्याचे रोगही जातात. आधीच घरी असेल, तर आजपासून पाणी, उष्णता आणि ऊन एवढं सांभाळा.

माझं वय ६६. मोदकचं ४. आकडेमोड सोपी आहे. गेल्या वर्षी नोंदणी करताना मी मुलाला बसवून विचारलं, माझ्यानंतर कोण? तो जरा गप्प राहिला. नात अकरा वर्षांची आहे, ती म्हणाली, "आबा, मी." मी तिला सांगितलं की तू आजीएवढी होशील तेव्हाही तो असेल. ती म्हणाली, "मग चांगलंच आहे ना." मृत्युपत्रात मी त्याच्यासाठी एक परिच्छेद घातलाय, वकिलांनी दोनदा खात्री करून घेतली की मी गंमत करत नाही. नात सुट्टीत आली की वही तिच्याकडे असते. या रविवारची नोंद तिच्या अक्षरात आहे: वजन ५ किलो २४० ग्रॅम. घरातली आर्द्रता ७८. नवी वळी सपाट. जास्वंदीची फुलं संपली, आणायची आहेत.